सिंह, हात आणि आजीचं मत

९ डिसेंबर १९६३ ही तारीख आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नसते. १९ डिसेंबर सगळ्यांना पाठ. १६ जानेवारीला ‘अस्मिताय दीस’ म्हणून भाषणं होतात. पण ज्या दिवशी गोव्यातल्या साध्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा आपलं सरकार निवडायला मत दिलं, त्या दिवसाची ना मिरवणूक ना सुट्टी. मला तो दिवस बाकी दोन्ही दिवसांइतकाच मोठा वाटतो. का, ते सांगतो.

पोर्तुगीज राजवटीत मताचा हक्क मोजक्यांपुरता होता. मुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत प्रौढ मतदान आलं आणि गोवा, दमण व दीवच्या विधानसभेच्या तीस जागांसाठी निवडणूक झाली. अठ्ठावीस जागा गोव्याच्या, एक दमणची, एक दीवची. रिंगणात तीन मुख्य पक्ष. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे आपला ‘मगो’, निशाणी सिंह. डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स, निशाणी हात. (आजच्या वाचकानं हा हात काँग्रेसचा समजू नये, काँग्रेसला तो पुढे कितीतरी वर्षांनी मिळाला.) आणि तिसरी काँग्रेस, दिल्लीत राज्य करणारी, आणि नेहरूंच्या सैन्यानंच गोवा सोडवलेला असल्यामुळे आपण निवडून येणारच अशा खात्रीत असलेली.

निकाल लागला तेव्हा मगो आणि त्याचे सहकारी मिळून सोळा, युनायटेड गोवन्स बारा, दीवला एक अपक्ष. काँग्रेसला एक जागा मिळाली, तीही दमणची. म्हणजे गोव्याच्या अठ्ठावीसांत शून्य! २० डिसेंबरला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गंमत अशी की ते स्वतः त्या निवडणुकीत उभेच नव्हते, पुढे मडकईच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.

मी तेव्हा पाच वर्षांचा. त्यामुळे त्या दिवसाबद्दल जे सांगतोय ते घरात ऐकलेलं. आमचं घर अंत्रुजातलं, भाटकाराच्या भाटात. घर म्हणायचं आपलं. भिंती आमच्या, कौलं आमची, खालची जमीन भाटकाराची. ज्यांना मुंडकारपण ठाऊक नाही अशा नव्या पिढीसाठी सांगतो : माडांवर लक्ष ठेवायचं, भाटकाराच्या घरी लग्नकार्य असलं की बोलावल्याशिवाय राबायला जायचं, एक खोली वाढवायची तरी परवानगी मागायची. आणि भाटकाराची मर्जी फिरली की पोराबाळांसकट उठायचं. आमचा भाटकार वाईट माणूस नव्हता, असं बाबा नेहमी म्हणत. आजी त्यावर काही बोलत नसे.

हा भाटकार हिंदू होता आणि त्या वर्षी काँग्रेसच्या बाजूचा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण ६३च्या निवडणुकीची कथा हल्ली हिंदू विरुद्ध ख्रिस्ती, मराठी विरुद्ध कोंकणी अशा दोन रकान्यांत बसवून मोकळी केली जाते. ते रकाने खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, अंत्रुज हा मगोचा मुलूख आणि साष्टी युनायटेड गोवन्सची, हे तर निकालाच्या आकड्यांतच दिसतं. पण आमच्या गावात ख्रिस्ती भाटकार नव्हताच. तिथे सिंह ज्याच्याविरुद्ध उभा होता तो आमच्याच देवळात पहिल्या पंगतीला बसणारा माणूस होता. काँग्रेसनं गोव्यात ज्यांच्यावर भिस्त ठेवली ती बहुतेक अशीच वजनदार, जमीनजुमल्याची माणसं होती, आणि बहुजन समाजानं त्या वजनाचाच हिशेब केला.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात भाटकार मुंडकारांच्या घरोघरी आला. आमच्याही आला. आजीनं ही गोष्ट मरेपर्यंत सांगितली आणि दर वेळी एकाच वाक्यात सांगितली : “भाटकारान म्हजे मुखार हात जोडिल्ले हांवें पळयल्यात.” भाऊसाहेब खाणमालक, गर्भश्रीमंत नव्हते पण तेव्हा श्रीमंत होतेच, हे तिला माहीत होतं. विलीनीकरण म्हणजे काय हे तिला कुणी नीट सांगितलं होतं की नाही, मला शंका आहे. मुंबई तिला ठाऊक होती ती तिचा भाऊ तिथे कामाला होता म्हणून. पण जो माणूस आपल्याला दारातच उभं करतो तोच आज आपल्या दारात उभा आहे, हे तिला स्वच्छ कळलं. तिनं सिंहावर शिक्का मारला. बोटाची शाई जाऊ नये म्हणून दोन दिवस भांडी घासायला टाळाटाळ केली, असं आत्या हसून सांगायची.

आता मुद्द्यावर येतो. मगोच्या जाहीरनाम्यात महाराष्ट्रात विलीनीकरण हे ठळकपणे होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. त्यामुळे निकाल लागताच महाराष्ट्रात तो विलीनीकरणाचा कौल म्हणून वाचला गेला, आणि गोव्यातही मगोनं तसाच वाचला. लोकसभेच्या दोन्ही जागांनीही त्याला बळ दिलं : एकीवर मगोचे मुकुंद शिंक्रे आले, दुसरीवर मगोच्या पाठिंब्यानं प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर आल्वारिस. (विलीनीकरणवाद्यांच्या आधाराने एक ख्रिस्ती स्वातंत्र्यसैनिक दिल्लीला गेला. वरच्या दोन रकान्यांत हे कुठे बसवायचं?) युनायटेड गोवन्सचं म्हणणं असं की एका निवडणुकीनं एवढा मोठा प्रश्न सुटत नाही, त्यासाठी लोकांना वेगळं विचारा. मला त्यांचं हे म्हणणं पटतं, आणि मराठीत वाढलेल्या, मराठीत लिहिणाऱ्या माणसानं हे म्हटलं की आमच्या काही मित्रांच्या कपाळाला आठ्या पडतात, तरी पटतं. मतपत्रिकेवर सिंह होता. सिंहाच्या पोटात जमीन होती, शाळा होती, जातीचा मान होता, मराठी होती आणि विलीनीकरणही होतं. आजीनं यातलं नेमकं कशाला मत दिलं, हे मोजणाऱ्याला कळणार कसं?

तीन वर्षांनी ते कळायची वेळ आली. सरकारनं राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली आणि १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, वेगळ्या गोव्याला दोन पानं. आमच्या घरात बाबा फुलाचे. ते तोवर मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक झाले होते. भाऊसाहेबांच्या सरकारनं गावोगावी ज्या शाळा काढल्या त्यांतल्याच एकीत. मुंडकाराचा मुलगा मास्तर झाला ही आमच्या घराण्यातली क्रांती होती, आणि ती मराठीतून झाली होती. त्यामुळे त्यांचं फूल मला समजतं. पण घरी ‘राष्ट्रमत’ही यायचं, आणि विलीनीकरणाच्या विरोधातला तो सगळा तोफखाना मराठीतूनच चालायचा, हे आज आठवलं की मजा वाटते. बाबा ते वाचून संतापत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचत.

मोजणी झाली. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. मगोच्या मुलखातली बरीच मतंही दोन पानांकडे गेल्याशिवाय एवढा फरक पडणं अवघड. बाबांनी आजीला विचारलं, “आई, तुवें मत खंय मारलें?” ती म्हणाली, “जाग्यार मारलें.” एवढंच.

बाबांना वाटलं, आता मगो संपला. आणि मार्च १९६७मध्ये विधानसभेची दुसरी निवडणूक झाली तेव्हा आकडे काय आले? मगो सोळा, युनायटेड गोवन्स बारा, अपक्ष दोन. म्हणजे जवळजवळ ६३चेच! सव्वादोन महिन्यांपूर्वी ज्या लोकांनी पक्षाचा पहिला कार्यक्रम नाकारला होता, त्यांनीच पक्षाला परत गादीवर बसवलं. दिल्लीमुंबईच्या लोकांना हे कोडं वाटलं. मला आमच्या घरातून पाहताना त्यात कोडं दिसत नाही. महाराष्ट्रात जायचं का, हा एक प्रश्न होता. भाटकाराचं राज्य परत येऊ द्यायचं का, हा दुसरा होता. लोकांनी दोन्हींची वेगवेगळी उत्तरं दिली, आणि ६३ साली त्यांना एकाच शिक्क्यात दोन्ही द्यावी लागली होती.

दुसऱ्या प्रश्नाचं काम मात्र सावकाश झालं. कूळ कायदा १९६४ला आला, पण कसणाऱ्याच्या नावावर जमीन करणारी त्याची पाचवी दुरुस्ती यायला १९७६ उजाडलं. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५चा, शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीतला. भाऊसाहेब १९७३लाच गेले होते. आमच्या घराखालची जागा आमच्या नावावर व्हायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली, मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात. तोवर आजी नव्हती. पण कायदा झाल्याचं बाबांनी तिला वाचून दाखवलं होतं, मराठी पेपरातून, कोंकणीत समजावून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आता मागची खोली वाढवायला विचारायला नको ना?”

खोली त्याच उन्हाळ्यात वाढवली.