शिरेकडची बाजू

यकृतातल्या कॅन्सरच्या गाठी सुईनं जाळण्यात त्या रेडिऑलॉजिस्टची २० वर्षं गेली. छळलं मात्र एकाच बाजूनं, शिरेकडच्या.

३ सेंटिमीटरच्या आतली, शिरांपासून लांबची गाठ असेल तर डॉक्टरांना काळजी नसते. ६० अंशांवर पेशी जवळजवळ क्षणात मरतात. पण ३ मिलिमीटरहून जाड शीर गाठीला लगटून गेली, की सगळा हिशेब बिघडतो. तिच्यातलं रक्त ३७ अंशांचं आणि अखंड वाहतं. नळाच्या धारेखाली धरलेलं पातेलं तापणार कसं? बाकीची गाठ शिजते, शिरेलगतची कड जिवंत राहते आणि रोग तिथूनच परततो.

सुईतून वीज सोडून जाळण्याच्या, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सीच्या काळात ते आच वाढवून पाहत. १०० अंशांपलीकडे सुईभोवतीच्या मांसाचा कोळसा होई आणि वीज तिथंच अडे. मायक्रोवेव्ह कोळशाला अडत नाही, शिरेचा गारवाही तिला कमी बाधतो. पण बाधतोच.

कंपन्यांच्या तक्त्यांवर त्यांचा खरा राग आहे. इतके वॅट, इतकी मिनिटं, इतका जळालेला गोळा! ते बहुतेक तक्ते कापून आणलेल्या जनावरांच्या यकृतावर मोजलेले. त्यात रक्त कुठून वाहणार?

मग एका रुग्णाची गाठ शिरेकडेच पुन्हा उगवली. त्यांच्या विद्यार्थिनीनं उपचाराआधीचा आणि नंतरचा सीटी संगणकावर एकमेकांवर बसवला. गाठीभोवती निदान ५ मिलिमीटर निरोगी मांसाची कड जळायला हवी होती. "सर, इथं दोनच भरतंय," ती म्हणाली. त्याच स्कॅनवर त्यांनी नुसत्या नजरेनं 'उत्तम' असा शेरा दिला होता. मोजपट्टी नवशिक्यांना लागते, असं ते अभिमानानं सांगत. सुई तापली की सोनोग्राफीच्या पडद्यावर वाफेच्या बुडबुड्यांचा पांढरा ढग पसरतो, टोकही दिसेनासं होतं. तो ढग म्हणजेच जळालेला भाग, असं ते वर्षानुवर्षं धरून चालले होते.

आता जवळ मोठी पित्तनलिका नसेल, तर ते सुई शिरेकडे सरकवून बसवतात, लागली तर दुसरी घालतात. भूल उतरण्याआधी सीटी होतो आणि विद्यार्थिनी मोजते. कड कमी भरली तर तिथंच पुन्हा जाळतात.

ज्यांच्या घरी कुणाचा हा उपचार झाला असेल, त्यांनी डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं : सगळ्यांत कमी कड किती मिलिमीटर आली, आणि ती मोजली कशी?