दारात पाणी शिरणारच!

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून या वीकेंडला कोड बंद, गाडी चालू. बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला या गाड्या बनणं बंद होऊनच आता पाव शतक झालं. नवीन दार आणणार कुठून? आहेत तीच टिकवायची.

दारात पाणी शिरतं हा बग नाही, डिझाइनच तसं आहे. काच वर-खाली व्हायची म्हणजे कडेला फट राहणारच. रबराची पट्टी कितीही नवी लावा, थोडं पाणी आत उतरतंच. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं असतात. ती धूळ आणि पाल्याने बुजली की पाणी साचतं, पत्रा आतून सडतो. बाहेर रंगाला फुगा दिसेपर्यंत आतला कार्यक्रम उरकलेला असतो. आमच्याकडे तर एका गॅरेजवाल्याने रंगकामात भोकंच लांबी भरून बुजवली होती!

काम सोपं आहे. हँडल काढा, मग रेक्झिनचं पॅनल. त्यामागचा प्लास्टिकचा कागद फाडू नका, पॅनल भिजण्यापासून तोच वाचवतो. आतल्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला. तारेने भोकं मोकळी करा. गंज घासून प्रायमर मारा, वाळल्यावर वॅक्स. काचेच्या मशीनला ग्रीस द्या. काच सरकते त्या खाचेत मात्र ग्रीस नको, धूळ धरतं. तिथे सिलिकॉन स्प्रे.

शेवटी काचेवर तांब्याभर पाणी ओता. खालून ठिबकायला लागलं, की टेस्ट पास.

बाबा आता गाडी चालवत नाहीत. पण दार लावल्याचा आवाज गॅलरीतून ऐकतात, आणि कुठलं दार राहिलंय ते बरोबर सांगतात.