बाबांची 'जनता' आहे तशीच घाल

पुणे

ती. दादास,


बाबांच्या घड्याळाचे फोटो मिळाले. एक कारागीर डायल 'अगदी कंपनीसारखी' पांढरी करून द्यायला तयार आहे, तर करून घ्यावी का, असं तू विचारलंस. माझं मत आधीच सांगते. मशीन नीट करून घे, पण डायलला हात लावू देऊ नकोस.

तुझी ओढ मला समजते. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला आणि त्यांचं 'जनता' हे घड्याळ घराघरांत पोचलं. पांढरी स्वच्छ डायल, सतरा ज्वेल्स, रोज चावी द्यायची. बाबांनी पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ तसंच होतं. ते रूप पुन्हा मनगटावर यावं असं तुला वाटतं, यात गैर काहीच नाही.

पण ते रूप बाबांनीच बदललं होतं. रत्नागिरीच्या पावसाळ्यात चावीच्या बाजूने ओल शिरली, डायलवर डाग पडले, आणि त्यांनी ती रंगवून घेतली. गडद निळा रंग त्यांनी निवडला. आकडे मराठीच हवेत, हाही हट्ट त्यांचाच. सेकंदाचा लाल काटा दुसऱ्या कुठल्या तरी घड्याळातला आहे आणि पाचचा आकडा जरा कललेला आहे. आपल्याला आठवतात तेव्हापासून बाबा हेच घड्याळ घालत होते. मग पूर्ववत करायचं ते कुठल्या वर्षापर्यंत? दुकानातून आणलं त्या दिवसापर्यंत की बाबांनी ते आपलंसं केलं त्या दिवसापर्यंत?

आता कारागिरीचं बघ. डायल म्हणजे पितळेची पातळ चकती. ती रंगवताना जुना थर आणि त्यावरची छपाई पूर्ण खरवडून काढतात. कारखान्यात छापलेली बारीक अक्षरं तेव्हाच गेली. आता पुन्हा पांढरा रंग दिला तरी ती परत येणार नाहीत. आजच्या माणसाने काढलेली नक्कल तेवढी येईल, आणि तिच्यासाठी बाबांची निळी डायल कायमची पुसली जाईल. खरी जुनी डायल मिळवायची, तर ती बहुधा दुसऱ्या एखाद्या 'जनता'ची काढावी लागेल. कारण एचएमटीची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. चालू असलेलं एक घड्याळ मोडून आपलं 'अस्सल' करण्यात मला आनंद वाटणार नाही.

कंपनीतून आलं तेवढंच मोलाचं, असं संग्राहकांच्या जगातही नेहमी होत नाही. अभिनेता पॉल न्यूमनची रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. तो मोटारींच्या शर्यतीत उतरायचा. 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचा निरोप त्याच्या बायकोने, जोअन वुडवर्डने, त्या घड्याळाच्या पाठीवर कोरून घेतला होता. ती अक्षरं रोलेक्सची नव्हती. पॉलिश करून कोणी ती घालवली असती, तर घड्याळ कंपनीसारखं दिसलं असतं आणि त्यातली माणसं निघून गेली असती.

प्रत्येक बदल जपावा, असं मी म्हणत नाही. एखाद्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाला फसवायला रंग दिला असता, किंवा जुनी डायल बाबांच्या कपाटात जपून ठेवलेली असती, तर मी वेगळं सांगितलं असतं. नुसती डायल बदलली तर उद्या पुन्हा बदलता येते. खरवडलेली मात्र परत येत नाही. कुठलंही काम करण्याआधी हा फरक विचारात घे.

मशीनच्या बाबतीत मात्र हयगय नको. जुनं तेल चिकट होतं आणि चाकांच्या टोकांची झीज होते. चांगल्या घड्याळजीकडून पूर्ण सर्व्हिसिंग करून घे. मशीन सुटं करून धुणं, ताजं तेल, मेन स्प्रिंग मंदावली असेल तर नवी. चावी आणि पाठीमागच्या झाकणाचं रबरही बदल, म्हणजे ओल सहजासहजी शिरणार नाही. काच प्लॅस्टिकची आहे, तिचे ओरखडे घासून निघतात. केसला बफिंग नको. क्रोमचा थर पातळ असतो, कडांना पितळ आधीच दिसू लागलं आहे, आणखी घासलं तर कडा गोल होतील. काढलेला प्रत्येक भाग मागून घे आणि पुडीत ठेव.

घड्याळ कपाटात ठेवू नकोस. सकाळी चावी दे. विरोध जाणवला की थांब. एका चावीत एक दिवस-रात्र ते आरामात चालतं. पावसात आणि नळाखाली तेवढं जप. तासाला अठरा हजार ठोके देणारं मशीन आहे ते, चालण्यासाठीच केलेलं.

आणखी एक काम आजच कर. कारखान्याचं काय, बाबांनी बदललेलं काय आणि तू बदललेलं काय, हे एका कागदावर लिही आणि घड्याळाच्या डबीत ठेव. पुढे ते कुणाच्याही हाती गेलं तरी त्या माणसाला खरं कळेल, आणि कुणी ते जसंच्या तसं कंपनीचं म्हणून विकणार नाही. बाबांनी केलेला बदल लपवण्यासारखा नाहीच. तो त्यांच्या नावासकट लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण