म्हैसूरच्या परसात

म्हैसूर म्हटलं, की राजवाडा, दसऱ्याचा हत्ती आणि वृंदावन बाग! पण प्रवाशांची बस जिथं थांबत नाही, त्या सरस्वतीपुरम, कुवेंपुनगरच्या गल्ल्यांतून जरा चालून पाहावं. फाटकाआड दोनच माणसं. मुलं बंगळूरला, नाहीतर थेट अमेरिकेत. हे पूर्वीपासूनच पेन्शनरांचं गाव.

चौघांच्या स्वयंपाकाची सवय लागलेले हात मग परसाकडे वळतात. खर्च जवळजवळ नाहीच. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, भाज्यांची सालं खड्ड्यात. नारळाच्या शेंड्या कुंडीच्या तळाशी घातल्या, की ओल टिकते. गळक्या बादलीत ओव्याचं पान, इथलं 'दोड्डपत्रे'. ताकात वाटून त्याची तंबुळी होते. नारळाच्या खोडावर नागवेल चढलेली. म्हैसूरचं विड्याचं पान आणि 'म्हैसूर मल्लिगे' ही सुवासिक फुलं, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण मल्लिगेचं रोप विकत कशाला आणायचं? शेजारणीकडून एक फांदी मागायची, तेवढ्यानं ओळखही होते. थंडीत मात्र ती मन घट्ट करून छाटावी लागते, तेव्हा कुठं उन्हाळ्याच्या तोंडावर कळ्यांनी लगडते.

माळणार कोण? लेक तर दूर. देवराज मार्केटात हाच गजरा हातावर मोजून विकतात. घरची फुलं ओंजळीनं शेजारी जातात.

दसऱ्याला मुलं येतात, तेव्हा बहर ओसरलेला असतो. परतीच्या बसमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला कढीपत्ता तेवढा जातो.