नागपुरातला तारामासा

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी माझ्याकडे इतिहासावरील लेख मागितला होता. परंतु आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी घरी आले की प्रथम चौकशी करतात ती आमच्या दिवाणखान्यातील तारामाशाची; माझी प्रकृती कशी आहे हे त्यानंतर विचारले जाते. तेव्हा त्याच्याविषयीच लिहिते.

माझ्या मुलाने महाविद्यालयात असताना चारशे लिटरची खाऱ्या पाण्याची काचटाकी उभी केली. एका परिचिताने आपली टाकी मोडताना हा तारामासा त्याला दिला. पुढे मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि टाकी, चार मासे, हा पाच भुजांचा जीव व मिठाची अर्धी बादली माझ्या वाट्याला आली. त्याला आता सहा वर्षे झाली. अंगाचा रंग फिकट तपकिरी, पाठीवर गडद शिंगांसारखे उंचवटे. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उथळ, समुद्रगवत असलेल्या तळावर ही जात आढळते. घरी ठेवल्या जाणाऱ्या तारामाशांत ती त्यातल्या त्यात काटक मानली जाते. पण हा काटकपणा सापेक्ष आहे.

नागपूरपासून कोणत्याही दिशेला गेले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. म्हणून समुद्र घरीच कालवावा लागतो. गाळणी यंत्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ. स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर अनेक क्षार असतात. हे मिश्रण रात्रभर ढवळत ठेवायचे, पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ आली की नाही ते पाहायचे आणि मगच टाकीतील दहावा हिस्सा पाणी बदलायचे. यातील एक गोष्ट मुलींना नेहमी कोड्यासारखी वाटते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होऊन पातळी रोज उतरते. ती भरून काढायची असते गोड्या पाण्याने. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. खारे पाणी घालत राहिलो तर पंधरा दिवसांत टाकी नुसती खारवून जाईल.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, तर तारामाशाच्या शरीरात रक्त नाही. पाठीवरील एका चाळणीसारख्या चकतीतून समुद्राचे पाणी आत जाते आणि नळ्यांतून भुजांखालच्या शेकडो नलिकापादांपर्यंत पोहोचते. त्या पाण्याच्या दाबावर तो चालतो, काचेला चिकटतो, अन्न धरतो. बाहेरच्या पाण्यातील मीठ बदलले की त्याच्या आतलेही बदलते. ते थोपवण्याची सोय त्याच्यापाशी नाही. म्हणूनच तो आमच्याकडे आला त्या दिवशी मुलाने बारीक नळीला गाठ मारून टाकीतले पाणी त्याच्या भांड्यात थेंब थेंब सोडले होते. तीन तास लागले. जूनमध्ये वसतिगृहात नव्याने येणाऱ्या मुलांशी याची तुलना करण्याचा मोह मला झाला होता, परंतु ती फारशी खरी नाही. मुले रडतात, रुसतात, जेवण टाकतात, पत्र लिहितात. तारामासा काहीच सांगत नाही.

पाण्याच्या शुद्धतेविषयी मात्र या टाकीने मला वर्गात उपयोगी पडणारे उदाहरण दिले. आपल्याकडे पिण्याचे पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवणे उत्तम मानतात. तेच तांबे अल्प प्रमाणातही तारामाशाला विषारी असते. माशांच्या रोगांवरील काही औषधांत तांबे असते, म्हणून तशी औषधे या टाकीत कधीही पडत नाहीत. टाकीचे पाणी चांगले आहे की नाही हे परीक्षानळीतला रंग सांगतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्य तितके कमी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि त्यानंतर सनातन्यांनी ते तळे १०८ घागरी पंचगव्याने ‘शुद्ध’ केले, हे मी दरवर्षी शिकवते. त्या घागरींतील शेणगोमूत्राने पाण्यातील अमोनियाचे काय झाले असेल, हे आता सातवीच्या मुलीही सांगतात, आणि हसतात. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडावे लागले, हे सांगितल्यावर त्या हसायच्या थांबतात.

आता त्याच्या आहाराविषयी. हा प्राणी मांसाहारी. आठवड्यातून दोनदा शिंपल्याच्या किंवा कोळंबीच्या मांसाचा, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा मी त्याच्या भुजेखाली सरकवते. काही वेळाने तो त्यावर कमानीसारखा उंच होतो आणि आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून अन्न तिथल्या तिथे पचवू लागतो. मासे तुकडा पळवतात, म्हणून वर काचेचा वाडगा पालथा घालावा लागतो; उरलेले तासाभरात काढून घ्यावे लागते, नाहीतर ते कुजते. पंचशील घेतलेल्या घरात हे कसे चालते, असे विहारातील एका आजींनी मला विचारले होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी अहिंसेला आंधळा नियम न मानता तत्त्व मानले आहे, मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आहे. मी आजींना ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पण मग याला आणण्याची गरज होती का?” हा प्रश्न मला योग्य वाटतो.

कारण बहुतेक तारामाशांच्या बाबतीत ती गरज नसतेच. दुकानांत सुंदर निळा तारामासा विकायला असतो आणि त्याला वेगळे काही खाऊ घालावे लागत नाही, असे विक्रेता सांगतो. प्रत्यक्षात तो खडकांवरचा सूक्ष्म जैविक थर खाऊन जगतो, आणि घरच्या टाकीत तो थर त्याला पुरत नाही. तो एका दिवसात मरत नाही. काही महिने काचेवर फिरत राहतो, पाहुण्यांना देखणा दिसतो, आतून झिजत जातो. एके दिवशी भुजेवर पांढरे व्रण दिसतात आणि लोक म्हणतात, अचानक मेला. मला या ‘अचानक’ शब्दाचा राग आहे. इतिहासातही मी तो मुलांना वापरू देत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचे मत्स्यालयावरील पुस्तक आले आणि घरोघरी समुद्र ठेवण्याची लाट उसळली. हौशी लोकांनी किनाऱ्यावरील खडकांची डबकी कशी ओरबाडून नेली, हे पुढे गॉस यांच्याच मुलाने आत्मचरित्रात लिहून ठेवले.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या वस्तीचे रोहित्र जळाले. वीज सायंकाळी गेली, ती पहाटेपर्यंत आली नाही. बाहेर पंचेचाळीस अंशांचा दिवस तापून गेला होता; टाकीतील पाणी पंचवीसवरून अठ्ठावीस अंशांवर गेले. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि पंप बंद असल्याने तो मिळण्याचा मार्गही बंद. बॅटरीवरचा हवेचा पंप होता तो लावला. शीतकपाटात गोठवून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या, त्या एकेक करून टाकीत तरंगत सोडल्या. एकदम सगळ्या नाही, कारण अचानक आलेली थंडीही घातकच. सुट्टीत गावी जाता न आलेल्या वसतिगृहातील दोन मुली त्या रात्री माझ्याकडे होत्या. त्यांनी दर अर्ध्या तासाने तापमान वहीत लिहिले. तारामासा एका कोपऱ्यात काचेला धरून होता. त्याचे शरीर ताठ आहे ना, नलिकापाद काचेला घट्ट आहेत ना, एवढेच पाहायचे होते. हात सुटले असते तर आम्ही काही करू शकलो नसतो.

त्या रात्री धाकटीने विचारले, “मॅडम, याला मेंदू नाही, मग याला दुःख कळतं का?” मला जे ठाऊक होते ते सांगितले. तोंडाभोवती चेतातंतूंचे कडे असते, प्रत्येक भुजेत एक मुख्य चेता, भुजेच्या टोकाला प्रकाश ओळखणारा डोळा. उलटा पडला तर तो भुजा वळवून सरळ होण्याची धडपड करतो. ती धडपड पाहिल्यावर दुःख नाही असे धरून वागणे मला जमत नाही, असेही म्हणाले.

“मग समुद्रात का नाही सोडत?”

हा कोणत्या समुद्रातून आला ते कोणालाच ठाऊक नाही. वर्षानुवर्षे टाकीत राहिलेला जीव आपल्यासोबत कोणते रोगजंतू नेईल सांगता येत नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३ पासून तारामाशांना झिजून मारणारा रोग पसरला आणि अब्जावधी तारामासे गेले, हेही मी सांगितले. तिने सगळे ऐकले.

“म्हणजे जन्मठेप,” ती म्हणाली. मला तिचे म्हणणे खोडून काढता आले नाही.

वर्धापनाच्या निमित्ताने विज्ञानकक्षात समुद्री टाकी करावी आणि तारामासा आणावा, असा प्रस्ताव काही पालकांनी मांडला आहे. नवा तारामासा विकत आणू नये, असे मी व्यवस्थापन समितीला लेखी कळवले आहे. माझ्याकडचा मात्र माझ्या निवृत्तीनंतर शाळेने अवश्य घ्यावा. मुली त्याला ओळखतात, हात घालण्यापूर्वी साबण आणि केसांचे तेल धुऊन टाकायचे असते हे त्यांना सांगावे लागत नाही. मीठ, परीक्षानळ्या व बॅटरीचा पंप यांचा खर्च देण्याची तयारी दोन माजी विद्यार्थ्यांनी दाखवली आहे. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत रोज दोन-तीन लिटर गोडे पाणी कोण घालणार, त्याचे नाव अद्याप कोणी लिहून दिलेले नाही.