आपापले पाणी

चेन्नईच्या मैलापूर भागात, कपालीश्वराच्या तळ्यापासून चार गल्ल्या पलीकडे, एका जुन्या घरात भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक एकटेच राहतात. घराणे तंजावरचे. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी कावेरीच्या खोऱ्यात मराठी राज्य उभे केले, तेव्हा जी कुटुंबे दक्षिणेत उतरली आणि १८५५ साली ते राज्य संपल्यावरही परत फिरली नाहीत, त्यांतले हे एक. घरातली मराठी त्यामुळे तमिळ उतारचढावाची. तिच्यातले कित्येक शब्द पुण्याच्या माणसाला पणजोबांच्या पत्रात सापडावेत असे. देवघर, सोवळे, सांबार आणि कुळाचार या चार खांबांवर उभ्या असलेल्या या घरात मागील वर्षी एक वस्तू सापडली, जिची तेथे कोणी स्वप्नातही अपेक्षा केली नसती. ती होती माशाचे गळ ठेवण्याची पेटी.

मुलगा अमेरिकेत, मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी शहरात, वीस वर्षांहून अधिक काळ राहतो. आईच्या वर्षश्राद्धासाठी तो आला आणि जाताना एक जुनी बॅग मागे ठेवून गेला. तिच्या बाजूच्या कप्प्यात ही तळहाताएवढी पेटी राहून गेली होती. आत पातळ पत्र्याचे तीन चमचे होते, रुपेरी, हिरवा आणि निळा. प्रत्येकाच्या शेपटाला तिहेरी गळ. शिवाय एक भवरकडी, एक प्लॅस्टिकचा चिमटा आणि दर काही हातांवर रंग बदलणाऱ्या जाड दोरीचे एक वेटोळे.

फार वर्षांपूर्वी मुलाने फोनवर सांगितले होते की, चार मित्रांनी मिळून एक होडी घेतली आहे आणि सुटीच्या दिवशी ते मासे धरायला जातात. प्राध्यापकांनी त्यावर एकच वाक्य उच्चारले होते : ‘आपल्या घरात हे बसत नाही.’ आवाज चढला नव्हता, वाद झाला नव्हता. परंतु त्यानंतर होडीचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि होडीच्या मागोमाग आणखी पुष्कळ विषय हळूहळू निघेनासे झाले. आई होती तोवर ती दोघांच्या मधल्या दोरीसारखी होती. ती गेल्यावर रविवारच्या फोनमध्ये जेवण, हवा आणि रक्तदाब एवढेच उरले. पेटी सापडल्याचे सांगितले तेव्हा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘अप्पा, टाकून द्या. नाहीतर जूनमध्ये याल तेव्हा आणा.’ प्राध्यापकांनी टाकून दिली नाही. आयुष्यभर विद्यार्थ्यांना उपकरण हाती देण्याआधी त्याचे तत्त्व विचारणाऱ्या माणसाला, न समजलेली वस्तू सातासमुद्रापार वाहून नेणे लाजिरवाणे वाटले असावे.

म्हणून एका पहाटे ते कासिमेडूला गेले. चेन्नई बंदराच्या उत्तरेला, रायपुरमच्या अंगाला असलेला हा मासेमारीचा धक्का. मैलापूरच्या सोवळ्यातल्या माणसाने तेथे पाऊल ठेवण्याचे एरवी कारण नाही. ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेली लाकडे. या तमिळ शब्दाने जगभरच्या जोडनावांना आपले नाव दिले, पण खुद्द या किनाऱ्यावर आता फायबरच्या, यंत्र लावलेल्या होड्याच अधिक दिसतात. धक्क्याजवळच्या दुकानांत गळ, शिसे, दोर आणि ‘तंगूस’ मिळते. नायलॉनच्या त्या दोऱ्याला कोकणातला कोळी जे म्हणतो तेच येथेही म्हणतात, हे कळल्यावर प्राध्यापकांना परक्या ठिकाणी ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले.

दुकानदाराने त्यांना शेजारी जाळे सांधत बसलेल्या एका वृद्ध मच्छीमाराकडे पाठवले. त्या माणसाने पेटी उघडून पाहिली. मिशिगन त्याने ऐकले नव्हते. परंतु चमचा दोन बोटांत धरून त्याने तो वाकवून पाहिला, गळाचे टोक नखावर घासले आणि विचारले, ‘अय्या, हा मासा कुठल्या पाण्यात असतो?’ प्राध्यापकांनी सरोवराचे नाव सांगितले. म्हातारा हसला. त्याला नाव नको होते, खोली हवी होती. वंजिरम, म्हणजे आपली सुरमई, धरण्यासाठी चालत्या होडीमागे दोर ओढण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, समुद्र वरून एक दिसतो, पण आत त्याचे मजले असतात, आणि प्रत्येक मासा आपल्या मजल्यावर राहतो. आपला गळ त्या मजल्यावरून गेला नाही, तर सोन्याचा चमचा बांधला तरी उपयोग नाही. ‘आधी पाण्याला विचारा, मग दुकानात या.’

हे वाक्य प्राध्यापकांच्या मनात रुतले, कारण त्यात त्यांचेच शास्त्र होते. घरी येऊन त्यांनी वाचन सुरू केले. मिशिगन सरोवर सुमारे ४९० किलोमीटर लांब, १९० किलोमीटर रुंद आणि अधिकात अधिक २८१ मीटर खोल. उन्हाळ्यात त्याचे वरचे पाणी तापते आणि हलके होऊन तरंगत राहते. खाली थंड, जड पाणी असते. दोहोंच्या मध्ये एक पातळ थर असतो, ज्यात थोड्याच अंतरात तापमान झपाट्याने उतरते. चिनूक सामन माशाला साधारण दहा ते तेरा अंशांचे पाणी मानवते, तळ्यातल्या ट्राउटला त्याहूनही गार. वसंतात हे मासे काठाजवळ, वरवर फिरतात. तेव्हा हलकी दोरी आणि लहानसे आमिष पुरते. जुलैत तेच मासे तीस-चाळीस मीटर खाली गेलेले असतात. सरोवर तेच, मासा तोच. ऋतू पालटला की साधने पालटावी लागतात.

मग पेटीतल्या वस्तू एकेक करून बोलू लागल्या. रंग बदलणारी दोरी म्हणजे पोटात शिसे घातलेली दोरी. दर दहा यार्डांना तिचा रंग बदलतो आणि संथ चालीत एकेका रंगामागे ती सुमारे दीड मीटर खाली जाते. किती रंग सोडले ते मोजले की खोलीचा अदमास लागतो. चिमट्याचे कार्य आणखी चतुर. होडीच्या कडेला रहाट असतो. त्याच्या तारेला चार-पाच किलोंचा शिशाचा गोळा टांगून तो हव्या त्या खोलीवर सोडतात. गळाची दोरी या चिमट्याने गोळ्याजवळ अडकवलेली असते, त्यामुळे वर काठी धनुष्यासारखी वाकून राहते. मासा लागला की चिमटा सुटतो, काठी सरळ होते आणि मासा व माणूस यांच्यामध्ये शिशाचे ओझे उरत नाही. खोलीवर नेणारे वजन आणि झुंजीचा दोर वेगळे ठेवण्याची ही युक्ती प्राध्यापकांना एखाद्या सुंदर सिद्धतेसारखी वाटली. गोळाही पाण्याच्या रेट्याने मागे झुकतो आणि मोजणीयंत्र दाखवते त्याहून थोडा वरच राहतो. म्हणजे यंत्रावरही आंधळा विश्वास नको.

याच वाचनात त्यांना एक इतिहास सापडला, आणि तो त्यांना यंत्रापेक्षा अधिक बोलका वाटला. चिनूक आणि कोहो सामन हे त्या सरोवराचे मूळचे रहिवासी नव्हेतच. कालव्यांच्या वाटेने समुद्री लॅम्प्रे हा रक्तशोषक जीव आत शिरला. १९५० च्या दशकात तेथला मूळचा ट्राउट जवळजवळ नाहीसा झाला. शत्रू उरला नाही म्हणून एलवाइफ नावाचा लहान मासा बेसुमार वाढला आणि १९६७ साली किनाऱ्यांवर त्यांचे मेलेले ढीग साचले. त्या माशाला खाणारा कोणी हवा म्हणून मिशिगन राज्याने १९६६ साली ओरेगॉनहून आणलेल्या अंड्यांची कोहोची पिल्ले सोडली, पुढच्या वर्षी चिनूक सोडला. खाऱ्या पॅसिफिकचा मासा गोड्या पाण्यात नांदू लागला. जुन्या मद्रास इलाख्यालाही असा खटाटोप अपरिचित नाही. १८६३ साली फ्रान्सिस डे यांनी निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा कोठे तो मासा तेथल्या गार ओढ्यांत रुजला. मैलापूरच्या उकाड्यात तो एक दिवस जगला नसता. आणलेल्या जिवाला नव्या मुलखात सगळीकडे जगता येत नाही. तो आपल्या तापमानाचा थर शोधतो आणि तेथे राहतो.

तंजावरच्या घराण्याला हे कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. साडेतीनशे वर्षे त्यांनी दुसरे काय केले होते? बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी, आणि घराच्या आतल्या थरात मराठी. मग मुलगा अजून एका पाण्यात गेला आणि त्याने तेथे आपला थर शोधला, तर दोष कोणाचा? आणि बापाचे प्रश्न वर्षानुवर्षे वरच्या तापलेल्या पाण्यातूनच ओढले जात होते. जेथे मुलगा नव्हता तेथे.

मे महिन्यात प्राध्यापक पुन्हा कासिमेडूला गेले. एका चमच्याचा तिहेरी गळ गंजला होता, तो बदलायचा होता. दुकानात समुद्राचे दणकट गळ होते. म्हाताऱ्याने ते बाजूला सारले : पातळ चमच्याला जड गळ बांधला की त्याची डुलण्याची चाल मरते. त्याने शोधून हलका गळ काढला. चमचा फिरताना दोरीला पीळ देतो, म्हणून मध्ये भवरकडी, आणि तीही चांगली, हे त्याने बजावले. गाठ आवळण्यापूर्वी ओली करायची, नाहीतर तंगूस घासून तापते आणि तिथेच तुटते, हेही. शेवटी त्याने एक गोष्ट सांगितली. होडी वळताना आतल्या बाजूचे दोर मंदावतात आणि खाली बसतात, बाहेरचे वेगावतात आणि वर उचलले जातात. मासा कोणत्या दोराला लागला ते पाहा. मासा स्वतःच सांगतो, हळू चला की जोरात, खाली जा की वर. सरळ जाणाऱ्या होडीला हे कधी कळत नाही.

त्या संध्याकाळी मागच्या अंगणातल्या पाण्याच्या हौदात प्राध्यापकांनी चमचा ओढून पाहिला. हलक्या गळाने तो जिवंत माशासारखा वळवळला. ते मासा धरणार नव्हते. जूनमध्ये मुलाच्या होडीत बसले तरी खाणार तर नव्हतेच. वयाच्या त्या टप्प्यावर कुळाचार बदलत नाही आणि तो बदलावा असे मुलानेही कधी म्हटले नव्हते. गळांच्या टोकांना त्यांनी बुचाचे तुकडे खोचले, दोरी रंग मोजून गुंडाळली आणि विमानात हातातल्या पिशवीत हे चालत नाही म्हणून पेटी मोठ्या बॅगेत, धुतलेल्या वेष्टीच्या घडीत ठेवली.

रविवारी फोन आला. जेवण झाले का, असे मुलाने नेहमीप्रमाणे विचारले. प्राध्यापकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी विचारले, ‘जूनमध्ये तिकडे दहा अंशांचे पाणी किती खाली असते? आणि तुमची होडी वळते तेव्हा आतल्या दोराला मासा लागतो, की बाहेरच्या?’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलगा बोलू लागला. मैलापूरच्या देवळातली सांजआरती सुरू होऊन संपली, रस्त्यावरचे दिवे लागले, तरी तो बोलतच होता. आणि बोलता बोलता, कित्येक वर्षांनी, तंजावरच्या मराठीत आला होता.