मागे कोणी उभे राहिले की…

कांद्यावरचा करपा, म्हशीचा आटलेला पान्हा, म्हाताऱ्याचा दमा, ह्या सगळ्यांवर आपण पारावर बसून मोकळेपणी बोलतो. पण लघवी हा शब्द आला की आवाज खाली जातो. आणि धडधाकट पोराला लघवी होत नाही असे म्हटले, तर ऐकणारा एकतर हसतो, नाहीतर मूतखड्याचे औषध सांगतो. मी सांगणार आहे तो प्रकार मूतखड्याचा नव्हे. घरी, रानात, एकटे असताना सगळे सुरळीत. पण शेजारी कोणी येऊन उभे राहिले, आडोशाबाहेर कोणी खाकरले, की पोट तटतटून दुखू लागले तरी एक थेंब उतरत नाही, असा तो प्रकार. चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मी तो भोगला. आज साठी उलटली आहे, तेव्हा लाजण्याचे काही उरलेले नाही.

आमचे गाव माणदेशात, दुष्काळी पट्ट्यात. लहानपणी संडास, मुतारी हे शब्द आम्हाला ऐकूनच ठाऊक. सकाळी टमरेल घेऊन पुरुषमंडळी ओढ्याकडे जात. ज्याची त्याची बाभळ, ज्याचा त्याचा तरवड ठरलेला. वाटेत भेट झाली तरी मान खाली घालून पुढे जायचे, आडोशामागच्या माणसाकडे पाहायचे नाही, असा न बोललेला कायदा होता. उघड्यावर जाणे वाईटच, त्याचे कौतुक मी करत नाही. पण त्या उघड्यावरही माणसाला एक एकांत मिळत होता, तो मला तालुक्याच्या शाळेत मिळाला नाही.

१९७८ साली आठवीला मी तालुक्याच्या हायस्कुलात गेलो. तिथली मुतारी म्हणजे पत्र्याचा आडोसा, आत डांबर फासलेली एक लांब भिंत आणि खाली पन्हळ. मध्ये कुठे वीटभर आडपडदा नाही. लहान सुट्टी दहा मिनिटांची, त्यात सगळी शाळा तिथे लोटायची. पुढच्याचे होईपर्यंत मागचे पाठीला चिकटून उभे. पहिल्याच आठवड्यात मला जरा वेळ लागला, तसा मागून दहावीचा एक दांडगा पोरगा ओरडला, ‘‘आरं, हापसा आटला काय तुझा?’’ १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्याकडे गावोगाव हापसे बसले होते आणि उन्हाळ्यात ते आटायचेही. त्यामुळे विनोद सगळ्यांना लगेच समजला. त्या दिवसापासून माझे नाव हापसा पडले. आणि खरोखरच त्या भिंतीपुढे माझे पाणी आटले ते आटलेच.

मग मी माझ्या परीने मार्ग काढले. सकाळी भाकरी खाल्ली की पाणी बंद. माणदेशातला उन्हाळा, सात किलोमीटर सायकल, आणि संध्याकाळपर्यंत घोटभर पाणी नाही. दुपारी डोके ठणकायचे. तास चालू असताना ‘‘सर, जाऊ?’’ म्हणून उठायचो, कारण तेव्हा मुतारी रिकामी असते; पण रोज रोज विचारले की सरांना वाटे, पोरगे तास चुकवते आहे. शाळेपासून गावापर्यंतच्या रस्त्यावरचा प्रत्येक आडोसा मला पाठ होता. सहलीला नाव द्यायचे नाही. पाहुण्यांच्या लग्नाला वऱ्हाडाच्या ट्रकमधून जायचे नाही. आईला वाटे, पोरगे एकलकोंडे झाले. शाळाच सोडून मेंढरे राखावीत, असे मनात कितीदा आले. मेंढरांमागे कोणी रांग लावत नाही.

दहावीच्या वर्षी थंडी वाजून ताप आला आणि लघवीला आग होऊ लागली. थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, मला बैलगाडीत घालून तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासणीसाठी बाटली हातात दिली. बाहेर दहा पेशंट बसलेले. अर्धा तास उभा राहून मी रिकामी बाटली परत आणली. डॉक्टरांनी तात्यांना बाहेर बसवले, दार लावले आणि विचारले, ‘‘शाळेत जातोस का रे लघवीला?’’ तेव्हा पहिल्यांदा मी हे कोणाजवळ तरी बोललो. ते हसले नाहीत. वाढत्या वयात असे होते, भिऊ नकोस, पण पाणी तोडायचे नाही, एवढे सांगून गोळ्या दिल्या. नमुना घरून भरून पाठवायला सांगितले आणि तात्यांच्या कानावरही घातले.

परतताना तात्या काही बोलले नाहीत. अर्ध्या वाटेत एका बैलाने पाय फाकले. तात्यांनी गाडी उभी केली, कासरा सैल सोडला आणि दुसरीकडेच बघत हलकी शीळ घालू लागले. बैलाचे झाले, गाडी पुढे निघाली, तेव्हा म्हणाले, ‘‘बैल मुतताना कुनी कासरा वढतंय का? मग तू सोताला का वढतोस?’’

पुढे दर बाजारच्या दिवशी तात्या मला बरोबर नेऊ लागले. बाजार उठत आला, स्टँडवरची मुतारी रिकामी झाली की म्हणायचे, ‘‘जा. मी लिंबाखाली हाय. न्हाई झालं तर न्हाई.’’ पाठ करून विडी ओढत उभे राहायचे. पुढच्या महिन्यात लिंबाखालून पानाच्या टपरीपाशी आले. मग आडोशाच्या बाहेर. मग आत, पण पार दुसऱ्या टोकाला. झाले का, असे त्यांनी एकदाही विचारले नाही. नाही झाले त्या दिवशीसुद्धा भज्यांचा पुडा मिळायचाच. दीड वर्ष हे चालले. कधी दोन पावले पुढे, कधी एक मागे. एका गर्दीच्या बाजारी शेजारी अनोळखी माणूस असताना माझे झाले, तेव्हा मी अकरावीत होतो. अठराव्या वर्षापर्यंत भीती बरीचशी गेली. पार गेली असे म्हणणार नाही. तमाशाच्या तंबूबाहेरची रांग मी आजही टाळतो.

पुष्कळ वर्षांनी ह्या प्रकाराला शास्त्रात नाव आहे असे वाचनात आले. १९५४ साली अमेरिकेतल्या विल्यम्स आणि डेगनहार्ट ह्या दोघांनी त्याला ‘पॅरूरिसिस’ म्हटले. त्यांनी कॉलेजच्या १४१९ मुलामुलींना विचारले, तर शंभरात चौदांना कधी ना कधी असा अनुभव आलेला होता. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात आठ तरी! आमच्या शाळेत हापसा एकटा मीच नसणार. १९७६ साली तिकडे आणखी एक प्रयोग झाला. मुतारीत माणूस एकटा असताना लघवी सुरू व्हायला सरासरी पाच सेकंद लागले. अगदी शेजारी परका माणूस उभा केला तर आठ सेकंदांच्या वर. थोडेफार सगळ्यांचेच अडते, कोणाचे फार अडते, इतकाच फरक.

हे का होते, ते पाटाच्या दाराने समजेल. मूत्राशयाच्या तोंडाला दोन दारे असतात. बाहेरचे आपल्या हुकमातले, आतले आपल्या हुकमाबाहेरचे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण अर्धा लिटर लघवी मावते, आणि निवांत असताना आतले दार आपोआप उघडते. मन धास्तावले की शरीर पळण्याच्या, झुंजण्याच्या तयारीला लागते. आतले दार आवळले जाते आणि मूत्राशय सैल पडते. कुत्रे मागे लागलेला माणूस लघवीला थांबेल कसा? मुतारीत कुत्रे नसते, पण मनाला ते असल्यासारखे वाटते. म्हणून जोर करून काही होत नाही. जितका जोर, तितकी धास्ती. डॉक्टर मंडळी ह्याला चारचौघांत वाटणाऱ्या भीतीचाच एक प्रकार मानतात, आणि त्यावरचा उपाय सांगतात तो ऐकून मला तात्यांची आठवण झाली. विश्वासाचा माणूस बरोबर घ्यावा, आधी सोपी जागा निवडावी, मग त्याने दर खेपेला थोडे जवळ यावे. तात्या चौथी शिकलेले होते.

आता हे सगळे लिहायला कारण झाला माझ्या पुतण्याचा मुलगा. सतरा वर्षांचा आहे, पहाटे पाचला उठून पळतो, सैन्यभरतीची तयारी चालली आहे. धावण्याची, छातीची त्याला फिकीर नाही. वैद्यकीय तपासणीत लघवीचा नमुना द्यावा लागतो, त्या धास्तीने तो सुकला. बापाला सांगायची सोय नव्हती, माझ्याकडे आला. मी त्याला सांगितले, की पाणी नेहमीसारखे पीत जा. दार लागणारा संडास असेल तर खुशाल तिथे जा, त्यात कमीपणा नाही. आणि तपासणीच्या दिवशी, मला जरा वेळ लागतो, एवढे तिथल्या माणसाला आधीच सांगून टाक.

मात्र प्रत्येक अडण्याला हाच प्रकार समजू नये. एकटे असतानाही धार अडत असेल, आग होत असेल, रक्त दिसत असेल, ताप असेल, तर ते दुखणे वेगळे. पोट तटतटले आहे आणि घरी जाऊनही काहीच उतरत नाही, असे झाले तर रात्र न काढता दवाखाना गाठावा. आणि मुलींचे? माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत लाजायलासुद्धा जागा नव्हती, आडोसाच नव्हता. तीही दिवसभर पाणी पीत नसे. तिची अडचण मनाची नव्हती, भिंतीची होती. शाळा समितीवर जे कोणी असाल, त्यांनी आपल्या शाळेतली मुतारी एकदा स्वतः आत जाऊन पाहावी. मधल्या आडभिंतींना विटा फार लागत नाहीत.

पुतण्याचा मुलगा आणि मी आता दर बाजारी तालुक्याला जातो. मी रसवंतीवर बसतो. अजून टपरीपर्यंतही आलेलो नाही.